लुनाची जाळी

कासुर्डीच्या रस्त्यावरून एखादी गाडी फटफटाट करत गेली की लुना आठवते. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ मध्ये आणलेली ही ५० सीसीची मोपेड. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळे. काजळी सायलेन्सरमध्ये साचे आणि चढावर गाडीचा दम तुटे. मेकॅनिक चाचा जाळी काढून, काजळी साफ करून ती पुन्हा बसवत. पोरं म्हणत, ‘चाचा, जाळी नकोच!’ मग आवाज वाढे, वेग फारसा नाही. सायलेन्सरमधून परतणारा दाबच ताजं पेट्रोल बाहेर निसटू देत नसे.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही सायलेन्सर सक्तीचा आहे. काजळी काढणं ही दुरुस्ती. जाळी काढणं म्हणजे शेजाऱ्याची झोप मोडणं. आणि शेजाऱ्याचा हक्क तर आपल्याला घरातच शिकवला जातो.