फियाटच्या सीटखाली काय निघालं?

आजचा भाग थोडा घरचा आहे. आमच्याकडे आजोबांनी घेतलेली 1978 ची प्रीमियर पद्मिनी आहे. नाव पद्मिनी, पण घरात सगळे तिला फियाटच म्हणतात. गेल्या पावसाळ्यात तिचं पुढचं सीट उसवलं. हे सीट म्हणजे बाकासारखं सलग, तिघं बसतील असं. मी आणि बाबा ते नाना पेठेत एका कुशनवाल्या काकांकडे घेऊन गेलो.

काकांनी पकडीने तारेच्या कड्या तोडल्या आणि एकेक थर सुटायला लागला. वर बाबांनी नव्वदच्या दशकात चढवलेलं मखमली कव्हर. त्याखाली मरून रेक्झिन, मग हात लावला की चुरा होणारा पिवळा फोम. मग काथ्या, गोणपाट आणि तळाला गंजलेल्या स्प्रिंगा. गोणपाटात केसांचा एक आकडा अडकला होता. आजीचाच असणार म्हणून मी तो खिशात टाकला.

काथ्या म्हणजे नारळाच्या सोडणाचे तंतू. त्यांवर रबराचा चीक मारून, दाबून लादी करतात. त्यातून हवा खेळते, फोमसारखी कोंडत नाही. अर्थात वर रेक्झिन असल्यावर मे महिन्यात मांड्या भाजायच्या त्या भाजतातच!

रेक्झिनची वेगळीच गंमत. मला तो आपलाच शब्द वाटायचा, पण ते इंग्लंडमधलं, मँचेस्टरजवळच्या एका कंपनीचं ब्रँडनेम होतं. मूळ रेक्झिन म्हणजे सुती कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा लेप, वर चामड्यासारखा ठसा. सिनेमाची जुनी फिल्म ज्याची बनायची तेच हे रसायन, भसकन पेटणारं. पुढे लेप पीव्हीसीचा झाला, नाव तेच राहिलं. आपण झेरॉक्स म्हणतो ना, तसं.

इथपर्यंत आमचं छान चाललं होतं. मग मी म्हणालो, "काका, हेडरेस्ट पण बसवून टाका." बाबा लगेच म्हणाले, "अरे, कंपनीने दिलेच नव्हते. ओरिजिनल राहू दे."

बाबांना मानेचा त्रास आहे, म्हणून मी हट्टाला पेटलो. मागून धडक बसली की सीट पाठीला पुढे ढकलतं, डोकं मात्र जागच्या जागी राहतं आणि मान मागे हिसडली जाते. हेडरेस्ट त्यासाठी असतो, डुलकी काढायला नाही. अमेरिकेत 1 जानेवारी 1969 पासून बनलेल्या प्रत्येक कारच्या पुढच्या सीटला तो सक्तीचा झाला. आमची गाडी त्यानंतर 9 वर्षांनी बनली, तरी तिला नाही.

कारण गाडी 1978 ची असली तरी तिचं डिझाइन 1962 च्या इटालियन फियाट 1100 डीचं. प्रीमियरने ती 1964 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली. इटलीत 1100 चं उत्पादन 1969 मध्ये थांबलं, इथे साधारण 2000 पर्यंत चालू राहिलं. लायसन्स-परमिटच्या काळात आयातीवर बंधनं, उत्पादनावर मर्यादा आणि बुकिंग केलेले लोक वर्षानुवर्षं रांगेत. माझ्या मते खरी गोम त्या रांगेत आहे. गिऱ्हाईक असं ताटकळत उभं असताना सीट बदलायची घाई कोण करेल?

काकांनी वाद एका वाक्यात मिटवला. "दांडे कशात घालू? पाठीच्या फ्रेमला जागाच नाही." बाजारात बांधायच्या उशा मिळतात, त्या फक्त शोभेच्या. आणि बुटका हेडरेस्ट मानेखाली टेकूसारखा येतो, डोकं त्यावरूनच मागे जातं. फ्रेमला नळ्या वेल्ड करता आल्या असत्या, पण धडकेत ते वेल्डिंग टिकेल याची खात्री कोण देणार? काकांनी दिली नाही, आणि ते मला आवडलं.

शेवटी नवा काथ्या, नवं गोणपाट, तेच मरून रेक्झिन आणि पांढरी पाइपिंग. हेडरेस्ट नाही. बदल्यात बाबांकडून कबूल करून घेतलं की गाडी हायवेला न्यायची नाही, रविवारी सकाळी गावातल्या गावात फिरवायची. याच गाडीने ते आम्हाला दर दिवाळीत कोल्हापूरला न्यायचे. "बरं," एवढंच म्हणाले, आणि घरी येईपर्यंत गप्प होते.

तो आकडा मी आजीला नेऊन दिला. तिने चष्मा लावून उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "हा माझा नाही रे."

भेटू पुढच्या भागात!