खाडीच्या चिखलातील काळा थर

धरमतरच्या खाडीत ओहोटीला तिवरांच्या मुळांशी पाय टाकला की वरचा करडा चिखल फाटतो, खालून काळाकुट्ट चिखल वर येतो आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. रायगडच्या किनाऱ्यावरील मुलांना हा वास इतका सवयीचा, की त्याचे कारण विचारावे असे कोणाला वाटत नाही. अशा मुलांबरोबर आम्ही हाच चिखल काचेच्या बरण्यांत भरला. या प्रयोगाला ‘विनोग्राडस्की स्तंभ’ म्हणतात.

सर्गेई विनोग्राडस्की १८५६ साली कीव्ह येथे जन्मला. काही काळ पियानो शिकून मग तो वनस्पतिशास्त्राकडे वळला आणि १८८५ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे द बारी यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाला. तो काळ कॉख यांचा. एकेक जीवाणू वेगळा काढून शुद्ध स्वरूपात वाढवावा, अशी रीत रूढ होत होती. विनोग्राडस्कीने निवडलेला ‘बेजिआटोआ’ हा धाग्यासारखा जीवाणू मात्र या रीतीला दाद देईना. तो गंधकाच्या झऱ्यांत वाढतो आणि त्याच्या पेशींत गंधकाचे चमकदार कण दिसतात. हा जीवाणूच हायड्रोजन सल्फाइड हा दुर्गंधी वायू तयार करतो, असे तेव्हा अनेकांना वाटे.

विनोग्राडस्कीने जीवाणूला त्याच्या परिस्थितीतच ठेवले. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर तो दिवसेंदिवस ताजे पाणी देत राहिला. पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असले की कण भरत. नसले की नाहीसे होत आणि धागे उपाशी मरत. म्हणजे हा वायू जीवाणूचे उत्सर्जन नसून त्याचे इंधन होते! १८८७ साली हे प्रसिद्ध झाले. अन्नातून नव्हे, तर असेंद्रिय पदार्थाच्या ज्वलनातून ऊर्जा मिळवणारा जीव प्रथमच माणसाला कळला. १९७७ मध्ये गालापागोसजवळ खोल समुद्रातल्या उष्ण झऱ्यांभोवती अशाच जीवाणूंवर पोसलेली जीवसृष्टी सापडली. तोवर विनोग्राडस्कीला जाऊन २४ वर्षे झाली होती.

आता बरण्यांकडे. चिखलात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे आणि अंड्याच्या टरफलांची पूड कालवली, वर खाडीचे पाणी ओतले. तळ्याचा चिखल घेतला तर जिप्समही लागते. आपल्याला ते लागत नाही, कारण समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतेच. झाकण सैल ठेवावे, बरणी हवेशीर जागी असावी आणि नाक लावून वास घेऊ नये. पहिल्या काही आठवड्यांत तळ काळा होतो. तळाशी ऑक्सिजन संपला की काही जीवाणू सल्फेट वापरून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. कोकणच्या मातीत लोह भरपूर. त्याच्याशी संयोग होऊन काळे आयर्न सल्फाइड तयार होते. खिडकीतल्या बरणीत पुढे हिरवे आणि त्यांच्या वर जांभळे डाग उमटले.

या जांभळ्या डागांचे ऋण शिक्षकांवर आहे. वनस्पतींनी सोडलेला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून येतो, असे पूर्वी सर्रास शिकवले जाई. जांभळे जीवाणू प्रकाशसंश्लेषण करतात, पण पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात आणि ऑक्सिजनऐवजी गंधक मागे ठेवतात. यावरून व्हान नील यांनी १९३१ च्या सुमारास तर्क केला, की गंधक जर हायड्रोजन सल्फाइडमधून येतो, तर वनस्पतींचा ऑक्सिजनही पाण्यातूनच येत असला पाहिजे. १९४१ मध्ये रूबेन, केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजन वापरून तर्काला पुष्टी दिली.

एक बरणी कपाटात राहून गेली होती. अंधारात रंग उमटले नाहीत, म्हणून आम्ही ती वाया गेली असे धरून चाललो. ती फेकायला निघालेल्या मुलीनेच आम्हांला थांबवले. चिखल आणि पाणी यांच्या सीमेवर पांढरा, कोळ्याच्या जाळ्यासारखा पापुद्रा होता. त्याचा थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर लांब धागे संथपणे सरकत होते आणि त्यांच्यात चमकदार कण ठासून भरलेले होते.