वाळू, गवत आणि वन : अँगलसी बेटावरील न्यूबरो परिसराच्या भूदृश्याचा इतिहास

लेखी साधनांइतकेच भूमीचे स्वरूप हेही इतिहासाचे साधन आहे, हा विचार आता नवा राहिलेला नाही. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५५ मध्ये इंग्लंडच्या भूदृश्याच्या घडणीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याकडे दा. ध. कोसंबी यांनी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, वाटा व ग्रामदैवतांची ठाणी पायी हिंडून अभ्यासिली. या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिच्यातील धोका ही दोन्ही ज्या एका लहानशा प्रदेशात स्पष्ट दिसतात, त्याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा प्रदेश म्हणजे वेल्सच्या वायव्येकडील अँगलसी बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील न्यूबरोचे वन व त्याच्या भोवतालचा मुलूख होय.

या बेटाला वेल्श भाषेत 'अनिस मोन' व लॅटिनमध्ये 'मोना' म्हणतात. मेनायची अरुंद सामुद्रधुनी त्याला मुख्य भूमीपासून वेगळे करते. टॉमस टेलफर्डचा झुलता पूल १८२६ मध्ये खुला होईपर्यंत बेटावर नावेनेच जावे लागे. आज न्यूबरो गावातून समुद्राकडे जाणारा प्रवासी प्रथम पाइन वृक्षांच्या दाट छायेत शिरतो, पुढे वाळूच्या टेकड्या ओलांडतो आणि मग विस्तीर्ण पुळणीवर येतो. हे सर्व अनादि काळापासून असेच असावे, असे त्याला सहज वाटते. वस्तुतः या दृश्यातील जवळजवळ प्रत्येक घटक कोणाच्या तरी आज्ञेने, उपजीविकेने किंवा आपत्तीने घडलेला आहे. त्यातही जे सर्वांत प्राचीन भासते ते वन सर्वांत अर्वाचीन आहे.

१. राया आणि उघडे बेट

मोना बेटाचा वृक्षांशी जोडलेला सर्वांत प्रसिद्ध उल्लेख टॅसिटसच्या इतिहासग्रंथात येतो. इ. स. ६० किंवा ६१ मध्ये रोमन सेनापती सुएटोनियस पॉलिनस याने बेटावर स्वारी केली. ड्रुइड पुरोहितांच्या शापवाणीने व मशाली घेऊन धावणाऱ्या स्त्रियांच्या दर्शनाने सैनिक क्षणभर थिजले, पण अखेरीस बेट जिंकून त्यांनी तेथील पवित्र राया तोडून टाकल्या, असा हा वृत्तांत आहे. तो जेत्यांच्या बाजूचा आहे, आणि राया बेटावर नेमक्या कोठे होत्या हे टॅसिटस सांगत नाही. त्यामुळे आजच्या वनाचा ड्रुइडांशी संबंध जोडण्यास कोणताही आधार नाही.

मात्र रायांची स्मृती स्थलनामांत टिकून आहे. न्यूबरोच्या ईशान्येस काही मैलांवर 'ब्रिन केल्ली दी' नावाची नवाश्मयुगीन समाधी आहे. या नावाचा अर्थ 'काळ्या राईचे टेकाड' असा होतो. उत्तरायणाच्या अखेरच्या दिवशी उगवत्या सूर्याचे किरण तिच्या दगडी मार्गातून आतील दालनापर्यंत पोहोचतात. टेकाड राहिले, नाव राहिले. राई मात्र केव्हाच नाहीशी झाली. इ. स. ११८८ मध्ये वेल्समध्ये प्रवास करणाऱ्या गिराल्डस कँब्रेन्सिसने हे बेट रुक्ष व खडकाळ दिसते असे नोंदवून, तेथील धान्य सर्व वेल्सला पुरते म्हणून 'मोन ही वेल्सची माता' ही म्हण उद्धृत केली आहे. म्हणजे मध्ययुगातील मोन हे अरण्यासाठी नव्हे, तर शेतीसाठी ख्यात होते.

२. राजवाडा आणि विस्थापितांचे गाव

न्यूबरोचे मूळ नाव ऱ्होसिर. ग्विनेदच्या राजांचा येथे एक 'लिस', म्हणजे दरबाराचा वाडा होता. राजधानीचे मुख्य ठाणे जवळच अबरफ्राव येथे असे. परंतु राजा परिवारासह निरनिराळ्या वाड्यांत मुक्काम करीत फिरे आणि त्या त्या भागातील उत्पन्नाचा जागेवरच उपभोग घेई. लुएलिन अब इओर्वेर्थ या थोर राजाने १२३७ मध्ये ऱ्होसिर येथून एक दानपत्र दिल्याची नोंद आहे.

१२८२ च्या डिसेंबरात लुएलिन अप ग्रिफिद मारला गेला आणि ग्विनेदचे स्वातंत्र्य संपले. १२९४ मध्ये मादोग अप लुएलिन याच्या नेतृत्वाखाली बंड झाले. ते मोडल्यावर पहिल्या एडवर्डने १२९५ मध्ये बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर बोमॅरिसचा किल्ला बांधावयास घेतला. या जागेलगतच लान्वाइस हे बेटावरील भरभराटीचे बंदर व बाजारपेठ होती. नव्या किल्ल्याच्या आश्रयाने वसणाऱ्या इंग्रजी नगरास ही वेल्श पेठ प्रतिस्पर्धी ठरू नये, म्हणून तेथील रहिवाशांना उठवून वीसेक किलोमीटर दूर ऱ्होसिर येथे वसविण्यात आले. १३०३ मध्ये या वसाहतीस नगराची सनद मिळाली व तिला 'नवे नगर' या अर्थाचे इंग्रजी नाव पडले. तेच वेल्श मुखात 'निउबुर्ख' झाले.

या घटनेचे महत्त्व विशेष आहे. पराभूत राजांच्या वाड्याशेजारीच पराभूत प्रजेला आणून बसविले गेले, आणि विस्थापनाचा हा दाखला गावाच्या नावातच कोरला गेला. सोळाव्या शतकात १५०७ पासून १५४९ पर्यंत न्यूबरो हे परगण्याचे मुख्य ठाणेही होते. नंतर तो मान बोमॅरिसकडे गेला. एकाच प्रतिस्पर्ध्यासाठी या नगराला दोनदा माघार घ्यावी लागली.

३. वाळूचे आक्रमण आणि गवताचा आधार

विस्थापितांना नवे घर मिळून एक पिढी लोटते न लोटते तोच निसर्गाचा आघात झाला. १३३० च्या डिसेंबरात, संत निकोलसच्या दिवशी झालेल्या वादळाने सुमारे १८६ एकर जमीन वाळूखाली गेली. कधीकाळी राजवाडाही वाळूने झाकला गेला आणि शेताखाली दिसेनासा झाला. त्या शेताचे नाव मात्र 'काइ लिस', म्हणजे 'वाड्याचे शेत', असेच चालू राहिले. १९९२ पासून तेथे उत्खनन होऊन दिवाणखाना, निवासदालने व आवाराची भिंत यांचे पाये उजेडात आले. ज्या वाळूने जिवंत गावाची शेते गिळली, तिनेच मृत राजवाड्याचे अवशेष जपले. या पायांच्या मोजमापांवरून कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयात दरबाराची प्रतिकृती उभारण्यात आली असून ती २०१८ मध्ये खुली झाली.

वाळू थोपविणारी शक्ती म्हणजे मॅरम गवत. वाळूचे थर जसजसे अंगावर चढतात तसतसे हे गवत वर वाढत जाते आणि मुळांच्या जाळ्याने टेकडी धरून ठेवते. ते कापले की वाळू मोकळी होते. एलिझाबेथ पहिली हिच्या राजवटीत ते कापण्यास बंदी करण्यात आली. परंतु शेतजमीन गमावलेल्या गावाला उपजीविकेचे दुसरे साधन तरी कोणते होते? याच गवताच्या चटया, दोर, केरसुण्या विणण्याचा धंदा न्यूबरोत पिढ्यान्‌पिढ्या चालला. तो मुख्यतः स्त्रियांच्या हातांवर उभा होता व विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांपर्यंत टिकून होता. येथे राज्यसंस्थेची दृष्टी आणि ग्रामस्थांची गरज यांचा विरोध उघड दिसतो. कायद्याच्या लेखी गवत हा बांध होता. विणकरणीच्या लेखी तो कच्चा माल होता. टेकड्यांवर सशांचीही मोठी पैदास होई आणि त्यांच्या शिकारीवर गावाला आणखी उत्पन्न मिळे.

या काळातील इतर खुणांचा धावता निर्देश पुरेसा आहे. पश्चिमेकडे समुद्रात घुसलेले लान्दुइन हे भूशिर मोठ्या भरतीच्या वेळीच खरेखुरे बेट बनते. वेल्श प्रेमिकांची संत दुइनवेन हिचे ते स्थान असून २५ जानेवारी हा तिचा दिवस मानतात. यात्रेकरूंच्या दानांनी संपन्न झालेले तेथील चर्च धर्मसुधारणेनंतर ओस पडले. एकोणिसाव्या शतकात मेनायमार्गे पाटीच्या दगडाची वाहतूक वाढली, तेव्हा तेथे दीपस्तंभ उभा राहिला आणि वाटाड्या खलाशांची घरे झाली. उत्तरेकडे मालत्राइथची खाडी पूर्वी बेटाच्या आत खोलवर शिरत असे. १७८८ च्या कायद्यानुसार हाती घेतलेला बांध एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुरा झाला आणि खाडीची जमीन झाली.

४. वनाची लागवड आणि आजचा वाद

दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडाची टंचाई होती. शिवाय वाळूचा प्रश्न कायमचा मिटवावयाचा होता. ब्रिटिश वनआयोगाने १९४७ मध्ये टेकड्यांवर लागवड सुरू केली व ती १९६५ पर्यंत चालली. निवडलेला मुख्य वृक्ष कॉर्सिकन पाइन, म्हणजे भूमध्य सागराकडील पाहुणा. ज्या वनात प्रवाशास ड्रुइडांची चाहूल लागते, त्यातील झाडे गावातील वृद्धांहून वयाने लहान आहेत.

उर्वरित टेकड्यांना १९५५ मध्ये राष्ट्रीय निसर्गराखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. त्याच सुमारास मिक्झोमॅटोसिस रोगाने सशांचा संहार झाला. डी. एस. रॅनवेल यांनी १९५८ ते १९६० या काळात प्रसिद्ध केलेल्या निबंधांतून या टेकड्यांचा व ससे नाहीसे झाल्यावर वनस्पतींत पडलेल्या फरकाचा अभ्यास मांडला. कुरतडणारे तोंड थांबताच गवत माजले. पुढील दशकांत उघडी वाळू आक्रसत गेली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या दुर्मिळ वनस्पती व कीटक संकटात आले. सहा शतके ज्या वाळूला शत्रू मानले, तिलाच मोकळे करण्याची योजना आता शासकीय संस्थांना करावी लागली. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या वेल्सच्या निसर्गसंपत्ती संस्थेकडे वन व राखीव क्षेत्र या दोहोंची व्यवस्था आली.

समुद्रालगतच्या पाइन वृक्षांचा काही पट्टा तोडावा, या प्रस्तावास स्थानिक रहिवाशांनी कडाडून विरोध केला. त्यांच्या बाजूलाही बळ आहे. करड्या खारींमुळे बेटावरील मूळच्या लाल खारी १९९८ च्या सुमारास काही डझनांवर आल्या होत्या. करड्या खारींचे निर्मूलन हाती घेण्यात आले व २००४ पासून लाल खारी याच वनात पुन्हा वसविण्यात आल्या. परका वृक्ष देशी प्राण्याचा आश्रयदाता ठरला.

५. निष्कर्ष

या वादात दोन्ही पक्ष 'मूळ स्थिती'चा दाखला देतात. इतिहासकाराचे काम येथे सुरू होते. मूळ स्थिती म्हणजे कोणती? रोमनांनी तोडलेल्या रायांची, गिराल्डसने पाहिलेल्या उघड्या धान्यभूमीची, १३३० नंतरच्या वाळूची, विणकरणींच्या गवताची, की १९४७ च्या पाइनची? भूमीने यांपैकी कोणत्याच एका अवस्थेस कायमचे पद दिलेले नाही. काय राखावे हा निर्णय वर्तमानाचा आहे आणि त्याची जबाबदारीही वर्तमानानेच घ्यावयास हवी. ती भूतकाळावर ढकलता येत नाही. भूदृश्य हे साधन असले तरी त्यातील थर एकमेकांवर लिहिलेले असतात. सनद, स्थलनाम, उत्खनन व वनस्पतिशास्त्र यांची जोड दिल्यावाचून ते वाचू पाहणारा सर्वांत वरचा थर हाच सर्वांत जुना समजण्याची शक्यता असते.

न्यूबरो ज्या स्थानिक प्रशासकीय घटकात मोडते त्याचे नाव आज 'ऱ्होसिर' असे आहे. वाळूखाली गेलेल्या वाड्याचे नाव अशा रीतीने कारभाराच्या कागदांत परत आले असून, विस्थापितांच्या गावाचे नावही त्याच्या शेजारी नांदत आहे.