साडेबारा हजार पौंडांची रेघ

एस. टी.च्या गाडीत किती उतारूंनी बसावे याचा आकडा रंगवलेला असतो. तो आकडा वाचून खाली उतरलेला उतारू मात्र आम्ही अद्याप पाहिलेला नाही. बैलगाडीला तर आकडाही नसतो. आस कुरकुरू लागला की गाडीवानाला जे समजायचे ते समजते. विमानाचे तसे नाही. प्रत्येक जातीच्या विमानाला सरकारकडून जे प्रमाणपत्र मिळते, त्यात जमीन सोडताना यंत्र, इंधन, माणसे, सामान असे सगळे मिळून वजन किती असावे याचा आकडा नोंदलेला असतो. त्या आकड्याचा थोडा इतिहास आज आम्हांला सांगायचा आहे. आणि तोही दोन इंजिनांच्या लहान विमानांपुरता, कारण हा आकडा केवळ पंखांच्या बळावर ठरतो, ही आपली समजूत तेथेच आधी डळमळते.

ओझ्याला कायद्याची रेघ घालण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडात सॅम्युएल प्लिमसॉल याने लढून 1876 साली गलबतांच्या कुशीवर भाररेषा काढण्याचा कायदा करून घेतला. पण रेघ कोठे काढावी हे मालकाच्याच मर्जीवर राहिले; ती सरकारी नियमाने ठरू लागली 1890 च्या कायद्यानंतर. मधली चौदा वर्षे रेघ होती आणि नव्हतीही!

विमानांच्या बाबतीत अमेरिकेने जी मोठी रेघ ओढली, ती 12,500 पौंडांची, म्हणजे सुमारे 5,670 किलोंची. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नियमांत या रेघेच्या आतले ते लहान विमान आणि पलीकडचे ते मोठे, अशी वाटणी रुळली. मोठ्या वाहतुकी विमानाने उड्डाणाच्या ऐन क्षणी एक इंजिन बंद पडले तरी धावपट्टीवर थांबून किंवा वर चढून दाखवावे, असा दंडक. लहानांना पुष्कळ सूट. पुढे आंतरराष्ट्रीय व्यवहारात हीच रेघ 5,700 किलो अशी गोल झाली.

सूट म्हटली की तिच्या काठावर गर्दी होतेच. कॅनडाचे ट्विन ऑटर घ्या, अमेरिकेचे किंग एअर 200 घ्या किंवा मेट्रो 2 घ्या. तीन निरनिराळ्या कारखान्यांची विमाने, आणि तिघांचेही प्रमाणित वजन बरोबर 12,500 पौंड. निसर्गाचे नियम इतके गोल आकडे देत नसतात. येथे विमानाच्या मापाने नियम बेतलेला नाही, नियमाच्या मापाने विमान बेतले आहे, असे म्हणण्यावाचून आम्हांला गत्यंतर दिसत नाही.

या रेघेच्या आत आणखी एक रेघ होती, आणि ती अधिक विचार करायला लावणारी आहे. 1965 च्या अमेरिकन नियमांप्रमाणे दोन इंजिनांचे विमान 6,000 पौंडांपेक्षा जड नसेल आणि 61 नॉट किंवा त्याहून कमी वेगापर्यंत हवेत तग धरू शकत असेल, तर एका इंजिनावर त्याने चढलेच पाहिजे, अशी अटच नव्हती. ते चढते की उतरते हे मोजून लिहिले म्हणजे झाले! सामान्य उतारूची समजूत अशी की, दोन इंजिने असली की एक गेल्यावर निम्मे बळ उरते. बळ निम्मे उरते हे खरे. चढण निम्मी उरत नाही. दोन मिळवत्या भावांचा एकत्र संसार डोळ्यांसमोर आणा. दोघांच्या मिळकतीतला बराचसा भाग घरखर्चात जातो, थोडी शिल्लक पडते. एक भाऊ अंथरुणाला खिळला की मिळकत निम्मी होते, पण शिल्लक जवळजवळ संपते, कारण घरखर्च तेवढाच राहतो; शिवाय औषधपाणी वाढते. बंद इंजिनाचा पंखाही असाच हवेत आडवा येऊन खर्च वाढवतो. 1978 साली प्रमाणित झालेले पायपर सेमिनोल हे शिकाऊ वैमानिकांचे विमान 3,800 पौंडांचे. समुद्रसपाटीवर, थंड हवेत ते दोन इंजिनांवर मिनिटाला सुमारे 1,300 फूट चढते आणि एकावर जेमतेम 200 फूट.

आता हेच विमान, समजा, आपल्या पुण्यात वैशाखातल्या दुपारी उभे आहे. पुण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 फुटांवर. पारा 40 अंशांवर गेला की तेथली हवा 5,000 फुटांहून अधिक उंचीवर असावी तितकी विरळ होते, आणि एका इंजिनावर चढण्याची या विमानाची सीमा 4,000 फुटांच्या आसपास आहे. प्रमाणपत्रातला 3,800 हा आकडा त्या दुपारीही तोच राहतो. उन्हाचा हिशेब वैमानिकाने पुस्तकातले तक्ते पाहून स्वतः करायचा असतो, आणि तो करून एखाद्या पाहुण्याला खाली उतरवणे किती अवघड, हे यजमानपण केलेल्या कोणालाही सांगावे लागू नये.

पुढे रेघ वाकत गेली. 1969 मध्ये दहाहून अधिक माणसे नेणाऱ्या लहान विमानांवर जादा अटी आल्या, 1979 मध्ये काही अटींवर 12,500 ओलांडण्याची मुभा मिळाली, आणि 1987 मध्ये 19 उतारू व 19,000 पौंड असा नवाच वर्ग निर्माण झाला. किंग एअरच्याच कुळातले बीच 1900 डी त्या वर्गातले. असे एक विमान 8 जानेवारी 2003 रोजी अमेरिकेतील शार्लट येथून उडाले आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात कोसळले. आतली 21 च्या 21 माणसे गेली. शेपटीकडील पट्टी हलवणारी दोरी दुरुस्तीत चुकीची जुळवली होती. त्यात भर पडली वजनाची. वैमानिकांनी केलेला हिशेब 17,120 पौंडांच्या मर्यादेत बसत होता, कारण त्यात उतारूचे वजन सरकारने ठरवून दिलेल्या सरासरीने धरले होते. चौकशीत खरे वजन मर्यादेहून पाचशेवर पौंडांनी अधिक निघाले, आणि भार मागे सरकलेला. अमेरिकन माणूस जाड झाला होता. कागदावरचा उतारू जुनाच राहिला होता. त्यानंतर ती सरासरी माणशी 10 पौंडांनी वाढवण्यात आली.

2017 पासून अमेरिकेने लहान विमानांची जुनी वर्गवारी मोडून धोका आणि वेग यांवर ती बसवली. 19,000 पौंडांचे कुंपण तेवढे राहिले. आमच्याकडे 5,700 ची रेघ अजून बोलते. मूळ जर्मन असलेले डॉर्नियर 228 हे विमान 1983 च्या करारानंतर हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कानपूरच्या कारखान्यात तयार होऊ लागले. त्याचे सुरुवातीचे जर्मन नमुने 5,700 किलोंचे; पुढे सुधारणा होत ते 6,400 किलोंपर्यंत गेले. 2023 साली मात्र त्याच्या एका भारतीय नमुन्याला 19 आसने कायम ठेवून 5,695 किलोंचे प्रमाणपत्र देण्यात आले. रेघेच्या आत आल्यामुळे साधा व्यावसायिक परवाना असलेला वैमानिकही ते चालवू शकतो, हा त्यातला लाभ. रेघेपासून अंतर पाच किलोंचे. एकोणीसही आसने भरली आणि प्रत्येकाजवळ बोचके असले, तर टाकीत इंधन किती घालायचे हे त्या दिवशी काट्यावर उभे राहणारे उतारूच ठरवणार.