सीटीत पांढरं, एमआरआयमध्ये काळं: मेंदूतली प्रत्येक गाठ ट्यूमर नसते

गेल्या महिन्यात मालवणहून आतेभावाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. खिडकीला धरलेली एमआरआयची फिल्म, त्यावर फ्लॅशचा डाग आणि खाली मेसेज: "रे, ह्यां काय आसा ता जरा सांग." आतेला फिट आली होती. रिपोर्टमध्ये 'ट्यूमरची शक्यता' लिहिलेलं, आणि एका एआय ॲपने तोच फोटो बघून सरळ कॅन्सर सांगून टाकलेला. घरात रडारड.

मी डॉक्टर नाही. पण अशा फोटोवरून निदान का होत नाही, ते सांगू शकतो.

सीटी स्कॅन एक्स-रे वापरून प्रत्येक बिंदूला एक आकडा देतो. पाणी 0, हवा उणे 1000, हाड कित्येक शेकड्यांत. ही मोजपट्टी गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंजिनिअरच्या नावाने ओळखली जाते. 1971 मध्ये त्यांच्या मशीनवर पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला, 1979 मध्ये नोबेल मिळालं. गाठीत कॅल्शियम साचलेलं असेल तर सीटीत ती हाडासारखी पांढरीशुभ्र दिसते. एमआरआय मात्र मुख्यतः पाणी आणि चरबीतल्या हायड्रोजनचा सिग्नल पकडतो. कडक कॅल्शियममधून तो जवळजवळ येतच नाही, म्हणून बहुतेक वेळा तिथे काळा डाग. जुना रक्तस्रावही काळाच दिसतो! दोन्हींतला फरक ओळखायला एसडब्ल्यूआय नावाच्या तपासणीतली फेज इमेज बघतात, कारण चुंबकीय क्षेत्रात कॅल्शियम आणि रक्तातलं लोह उलट वागतात.

'कॅपनॉन' नावाची एक दुर्मिळ गाठ इथेच फसवते. ऱ्होड्स आणि डेव्हिस यांनी 1978 मध्ये तिचं वर्णन केलं. मेंदूत किंवा मणक्यात होणारी, कॅल्शियमने भरलेली, सावकाश वाढणारी, पण कॅन्सर नसलेली गाठ. पूर्ण काढली तर सहसा परत येत नाही. खात्री मात्र तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच होते. कॅल्शियम दिसलं म्हणजे सुटलो, असंही समजू नका: ऑलिगोडेंड्रोग्लिओमा या खऱ्या ट्यूमरमध्येही ते बऱ्याचदा असतं.

आपल्या देशात कॅपनॉनपेक्षा कितीतरी जास्त भेटतात त्या फीतकृमीच्या अळीच्या आणि टीबीच्या गाठी. बऱ्या होताना त्यांतही कॅल्शियम साचतं. फिट येणाऱ्या रुग्णांतल्या छोट्या गाठी अळीच्या की टीबीच्या, हे ओळखायचे निकष वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉ. राजशेखर आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये मांडले. गाठ 20 मिलिमीटरपेक्षा मोठी नसावी, ही त्यातली एक अट.

आता तुमचा मोबाईल. सीटीची मूळ डायकॉम फाईल साधारण 4096 छटा साठवते, जेपीजी फोटोत राखाडीच्या उरतात 256. वर व्हॉट्सॲप फाईल दाबून लहान करतं. आकडेच गेले, मग ॲप मोजणार काय? त्यामुळे स्कॅन सेंटरमधून सीडी किंवा डायकॉम फाईल मागून घ्या, जुने स्कॅनही जपा. सिंधुदुर्गातून बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजला जाणारे कित्येक जण नुसता रिपोर्टचा कागद घेऊन निघतात. सोबत सीडी असू द्या.

आतेचा सीटी नंतर झाला. तो काळा डाग त्यात पांढरा निघाला, जुन्या बऱ्या झालेल्या गाठीचा. फिटच्या गोळ्या चालू आहेत, सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन आहे. आतेभावाने ते ॲप काढून टाकलं.