हवा पालटायला, 1925

साल 1925, वैशाखातली पहाट. तुम्ही अकोल्याच्या फलाटावर उभे आहात. महिनाभर हिवतापानं अंथरूण धरायला लावलं. ताप गेला, पण पायांत बळ नाही आणि तोंडाला चव नाही. डॉक्टर म्हणाले, ‘क्विनाइननं आपलं काम केलं. आता हवा पालटा. चिखलदऱ्याला जा.’

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडायची. पलीकडे अडीच फूट रुंदीच्या रुळांवर अचलपूरची लहान गाडी उभी आहे. पुढं सारे तिला शकुंतला म्हणतील. किलिक निक्सन कंपनीनं ती घातली वऱ्हाडच्या कापसासाठी. तिचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला घडलं, दोन वर्षांपूर्वी इथं आलं, आणि 1994 पर्यंत हेच इंजिन गाडी ओढणार आहे. कापूस जातो त्याच मँचेस्टरकडे.

76 किलोमीटरच्या वाटेत सारी दुपार सरते. खिडकीतून उन्हाची झळ येते, नांगरलेली काळी जमीन भेगाळून पडलेली असते. समोरचा म्हातारा शिदोरी सोडतो आणि भाकरीचा तुकडा, त्यावर ठेचा, तुमच्या हातावर ठेवतो.

‘कुठी चालले जी?’

‘चिखलदऱ्याला. तब्येत ठीक नाही.’

‘मंग बरं केलं बाप्पा. तिथची हवा लय गोड हाय.’

दर्यापूरजवळ चंद्रभागेचं पात्र दिसतं. पाण्याचा थेंब नाही, नुसती पांढरी वाळू. तीन बाया झिरा उकरून बसल्या आहेत. एकजण हात कोपरापर्यंत आत घालते, करवंटीनं गढूळ पाणी उपसते, घागरीच्या तोंडावर धरलेल्या फडक्यातून गाळते. पुन्हा वाट पाहते, पुन्हा करवंटी. घागर अर्धी होण्याआधीच गाडी पुढं निघते. हे चित्र मनात ठेवा, परतताना लागेल.

अंजनगावला पानमळ्यांचा गारवा क्षणभर अंगावर येतो. 30 डिसेंबर 1803 रोजी शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला तो इथं, सुर्जी-अंजनगावात.

रात्र अचलपुरात काढून भल्या पहाटे परतवाड्याहून टांगा धरायचा. घोड्यावरून किंवा पायी जाणाऱ्याला जवळची वाट आहे, चाकांना मात्र घटांगावरून 30 मैलांचा वळसा. सागाची पानं गळून गेली आहेत, उघड्या फांद्यांतून डोंगर दिसतो. वळणागणिक उकाडा खाली राहत जातो. केव्हातरी तुम्ही डोईचा रुमाल सोडता आणि कपाळावर वारा लागतो. कोरडा, हलका, पाल्याचा वास असलेला. महिन्याभरात पहिल्यांदा छाती भरून श्वास येतो. रात्री तुम्ही घोंगडी मागून घेता. वैशाखात!

हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सननं 1823 साली हे पठार साहेबांच्या नजरेस आणलं. 1839 पासून ते वऱ्हाडचं आवडतं आरोग्यधाम झालं. उंची 3,664 फूट. ऐन उन्हाळ्यातही सरासरी तापमान 28 अंशांच्या आसपास. कॉफीची झाडं इथं रुजली, गुलाब रुजले. बरं होण्यासाठी वसलेलं असंच एक गाव दूर पोर्तुगालातही आहे: तिथल्या राणी लिओनोरनं 1485 साली गरम पाण्याच्या झऱ्यावर रुग्णालय बांधवलं आणि त्याभोवती काल्दास दा राईन्या हे गाव वाढलं. तिथं पाणी औषध, इथं हवा. माणूस बरा व्हायला घर सोडून निघतो, ही रीत दोन्हीकडे एकच.

पण ही जागा काही कॅप्टननं निर्माण केली नाही. भीमानं कीचकाला मारून याच दरीत फेकलं, म्हणून हा कीचकदरा, असं लोक सांगतात. पठारासमोरचा गाविलगड अहमदशहा बहमनीनं 1425 साली बांधवला. दिल्ली दरवाज्यात उभे राहा. दगडात कोरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड अजून तसाच रोखून पाहतो. 15 डिसेंबर 1803 रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज इथं शिरली आणि भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला. दोन दिवसांत नागपूरकर भोसल्यांनी इंग्रजांशी देवगावचा तह केला.

सकाळी फिरताना पायवाटेवर एक कोरकू बाई भेटते. डोक्यावर टेंभुर्णीच्या पानांचा भारा. तुम्ही हातानं पाण्याची खूण करता. ती भारा उतरवते, तुंबा पुढं करते आणि म्हणते, ‘डा.’ डा म्हणजे पाणी. तिच्या बोलीचं नातं मराठीशी नाही, दूर पूर्वेकडच्या संथाळांच्या बोलीशी आहे. तुम्ही आठवडाभराची हवा घ्यायला आलात, ती पिढ्यान्‌पिढ्या याच हवेत जगते आहे. तरी या हवेचा गुण तिच्या लेकरांच्या अंगी लागत नाही. जंगल 1866 पासून राखीव होत गेलं आणि डोंगरउताराची शेती सुटत गेली. 1993 च्या सुमारास मेळघाटातल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरणार आहे. ज्या डोंगरावर सारा वऱ्हाड तब्येत सुधारायला येतो, त्या डोंगराची लेकरं उपाशी राहतात. ही गोष्ट सोसवू नये अशीच आहे.

शेवटच्या दिवशी देवीला जा. खाली उतरलं की कड्याच्या पोटात गुहा, आत शेंदूर माखलेली देवी. मे महिन्यातही वरचा खडक पाझरतो आहे. थेंब कपारीशी जमतो, फुगतो, काळ्या दगडावर क्षणभर चमकतो आणि तुमच्या मानेवर पडतो. पुजाऱ्याला नदीचं नाव विचारा. चंद्रभागा. दर्यापूरला वाळू उकरून बाया वाट पाहत होत्या, ती हीच.

आता 1925 मधून परत या. लहान गाडी बंद पडली आहे, चिखलदऱ्याला मोटार जाते. पण थेंब तोच आहे आणि वाटही तीच, डोंगराकडून सपाटीकडे. आपण वर जाऊन हवा घेऊन येतो, खाली राहून पाणी पितो आणि दोन्हीचं मोल देत नाही. पुढच्या वेळी वर जाल तेव्हा त्या पायवाटेवर थोडं थांबा. बाईचा भारा उतरवायला हात लावा, तिच्या मुलांची चौकशी करा, तिच्याकडून मध घ्याल तर घासाघीस न करता घ्या. तुंबा तिनं आधीच पुढं केला आहे.