हिराबाई बडोदेकर : बैठकीतून सभागृहात आलेला सूर

१/ तिकीट काढावे, खुर्चीत बसावे आणि एखाद्या गायिकेचा ख्याल ऐकावा, हे आज स्वाभाविक वाटते. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रात ते तसे नव्हते. हा बदल ज्यांच्या आयुष्यातून समजतो, त्या गानहिरा हिराबाई बडोदेकर यांच्याविषयी हा धागा.

२/ जन्म १९०५, मिरज. पाळण्यातले नाव चंपाकली. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई बडोद्याच्या ताराबाई माने. पुढे ताराबाई मुलांना घेऊन पतीपासून विभक्त झाल्या. मुलांची नावेही बदलली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, सकिना सरस्वती राणे झाल्या आणि चंपाकली हिराबाई.

३/ वडिलांची गायकी रक्तात होती. तालीम मात्र थोरले बंधू सुरेशबाबू आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे झाली. स्वराची शांत, सावकाश बढत हे किराण्याचे वैशिष्ट्य त्यांच्या गळ्यात मुरले.

४/ त्या काळी स्त्रीचे गाणे मुख्यतः खासगी बैठकीत होई. यजमान धनिक, श्रोते निमंत्रित पुरुष. गाणाऱ्या स्त्रीच्या कलेला दाद मिळे, पण तिला समाजात प्रतिष्ठा नसे. ‘घरंदाज’ स्त्रीने चारचौघांत गाणे निषिद्धच मानले जाई.

५/ पं. विष्णु दिगंबर पलुस्करांसारखे सुधारक संगीताला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी झटत होते. त्यांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या परिषदेत कोवळ्या वयातील हिराबाई गायल्या. पुढे तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या गायिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाऊ लागले.

६/ तिकिटाने नेमके काय बदलले? बैठकीत यजमानाची मर्जी चाले. तिकीट काढणाऱ्याचा हक्क फक्त गाण्यावर. कोणीही येऊ शके, स्त्रियाही. गायिका आश्रित न राहता स्वतंत्र व्यावसायिक कलावंत ठरली.

७/ हिराबाईंचे मंचावरील वागणेही याला पूरक होते. साधी साडी, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर, हावभाव नाहीत, लक्ष सुरावर. ख्यालाबरोबर ठुमरी, नाट्यपद, भजन त्या गात. त्यामुळे जाणकार आणि नवखा श्रोता दोघेही तृप्त होऊन परतत.

८/ रंगभूमीवर पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची प्रथा बालगंधर्वांमुळे वैभवात असताना या भावंडांनी स्वतःची नाटक कंपनी काढली. स्त्रीभूमिका हिराबाई आणि त्यांच्या बहिणी करीत. कंपनी अखेर कर्जात गेली आणि बंद पडली. त्यानंतर मैफल हाच हिराबाईंचा मुख्य मार्ग राहिला.

९/ उत्तरायुष्यात धाकट्या भगिनी सरस्वती राणे यांच्यासह त्यांनी केलेली जुगलबंदी गाजली. दोन स्त्रियांनी एकत्र ख्याल मांडणे तेव्हा अपूर्वच होते. १९६५ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९७० मध्ये पद्मभूषण. शिष्यांमध्ये डॉ. प्रभा अत्रे. २० नोव्हेंबर १९८९ रोजी हिराबाईंचे निधन झाले.

१०/ या यशाला दुसरी बाजूही आहे. प्रतिष्ठेची अट म्हणून साधेपणा, संयम, ‘कुलीन’ वेश हे सारे स्त्रीलाच सिद्ध करावे लागले. पुरुष गायकाकडे असा दाखला कोणी मागितला नाही. शिवाय ज्या गायिकांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांतील अनेकींना नव्या सभागृहात जागा मिळाली नाही.

११/ तरीही दार उघडले ते हिराबाईंच्या पिढीने. आज एखादी मुलगी तानपुरा घेऊन निःशंकपणे मंचावर बसते, तिच्या त्या निःशंकपणाची किंमत आधीच कोणीतरी चुकवलेली आहे.